हात न लावता

काठीचं टोक माझ्या हनुवटीखाली लागलं.

"मान वर कर."

मी मान वर केली. काठीच्या टोकाला लोखंडी टोपी होती, ती गार लागली. डॉक्टर दवाखान्याच्या ओट्यावर उभा होता आणि मी खाली, गटाराच्या कडेला. आमच्या माणसांनी बसायची जागा तीच. आमच्यामध्ये तीन पायऱ्या होत्या आणि ती काठी होती. काठीनं त्यानं माझं तोंड उजवीकडं वळवलं, मग डावीकडं वळवलं. बाजारात बैल घ्यायचा झाला तरी माणूस त्याचा जबडा हातानं उघडून बघतो.

"केव्हापासून आहे हे?"

"वरीस झालं, सायेब," आय माझ्या मागून म्हणाली. "आदी मुगायेवडी गाठ व्हती. मग ती पसरत..."

"पुरे. महारोग आहे."

ओट्यावरच्या बाकावर वरच्या जातीची माणसं बसली होती. त्यांतला एकजण, उपरणंवाला, म्हणाला, "महाराला महारोगच व्हायचा, डॉक्टर. नावातच आहे."

सगळं बाक हसलं. डॉक्टरही हसला. फार नाही. ओठ न उघडता.

"हिला पुन्हा इथे आणायचं नाही. घरात इतर पोरांत ठेवायचं नाही. समजलं?"

"व्हय सायेब," आय म्हणाली.

कंपाउंडरनं त्याच्या हातातली काठी घेतली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते पाणी पायऱ्यांवरून ओघळत खाली आलं आणि माझ्या अनवाणी पायाला लागलं.

मी बारा वर्षांची होते. मलम नाही, बाटली नाही, साधी पुडीसुद्धा नाही. लोणावळ्याच्या त्या दवाखान्यातून मी एक शब्द घेऊन घरी निघाले.

आमचं गाव तिथून दोन कोसांवर, इंद्रायणीच्या काठानं. बा रेल्वेच्या ग्यांगमध्ये होता. घाटात विजेची इंजिनं नुकती आली होती, पण रूळ माणसंच ठोकायची, खडी माणसंच भरायची, दरड आली की माणसंच उपसायची. त्या माणसांत माझा बा. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. शाळेत म्हणजे शाळेच्या दाराबाहेर. मास्तर आतूनच म्हणायचे, "पाटी वर धर." मी धरायची. ते लांबून वाचायचे आणि लांबूनच "बरोबर" म्हणायचे. तेवढ्यावर मी खूश असायची. काठी लागली त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, जगात सगळं असंच लांबून बघतात.

गालावरचा डाग असा होता. नाकाच्या डाव्या बाजूला आधी एक बारीक गाठ आली. तांबूस, मऊ. ठणका नाही, खाज नाही. मग तिच्या शेजारी दुसरी. मग सगळ्या मिळून एक चट्टा झाला आणि तो कडेकडेनं सरकत राहिला, घाई न करता, वाळवीसारखा. मधली कातडी कागदासारखी पातळ व्हायची आणि कड लाल राहायची. आयनं हळद लावली, कडुनिंबाचा पाला लावला, देवऋष्याकडून अंगारा आणला. चट्ट्यानं कशाकडं लक्ष दिलं नाही. म्हणून तर दवाखान्याची वाट धरली होती.

बाकावर हसलेल्यांत आमच्या गावचा एकजण होता. त्याच्याकडं सायकल होती. आम्ही चालत पोचलो तोवर शब्द गावात पोचून, पाणी पिऊन बसला होता. संध्याकाळच्या आत पाटलाचा निरोप आला: ती पोरगी रस्त्यानं दिसता कामा नये. ते वरच्या गावाचं झालं. पण आमची आळीही जमली. आळीतला जुना माणूस, ज्याला सगळे आबा म्हणायचे, तो माझ्या बाला म्हणाला, "आमाला बी पोरंबाळं हायती, बाबा. तूच इचार कर."

हे मी लपवणार नाही. गावानं आम्हाला लांब ठेवलं होतं आणि आमच्या माणसांनी मला लांब ठेवलं. शिकवण एकच, फक्त एक पायरी खाली उतरलेली.

बानं माझ्यासाठी डोंगराच्या उतारावर खोपट बांधलं. कारवीच्या काठ्या उभ्या केल्या, वर भाताचा पेंढा अंथरला. काठ्या रोवताना तो मधूनच थांबून खोकायचा. "खडीची धूळ," म्हणायचा, आणि पुन्हा दोरी आवळायचा. खोपट झाल्यावर त्यानं एकदा हातानं हलवून बघितलं, पडत तर नाही ना. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "धाकटा ल्हान हाय ग. त्याला झालं तर?"

धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता. बाच्या काखेत झोपायचा.

त्या खोपटात मी दीड वर्ष काढलं. मावळातला पाऊस कारवीतून आत यायचा. आय भाकरी दगडावर ठेवायची, दहा हात मागं जायची, मग मी उठून घ्यायची. ती तिथूनच बोलायची. तिच्या कडेवरून धाकटा माझ्याकडं हात करायचा आणि आय त्याचे हात धरून खाली करायची. दिवसभर मी कुणाशी बोलत नसे. गुरं राखणारी पोरं उतारावरून जाताना दगड मारायची आणि ओरडायची, "म्हारोगी! म्हारोगी!" पहिले काही महिने मी आत जाऊन बसायची. तोंड झाकून. कारण मलाही वाटायचं, खरंच आहे ते. डॉक्टर खोटं कशाला बोलेल?

मग करवंदाच्या दिवसांत एक गोष्ट घडली. जाळीत हात घालताना एक फांदी सुटून गालावर आली आणि काटा चट्ट्यात घुसला. मी कळवळले. रडले. आणि रडता रडता मध्येच थांबले.

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर एक महारोगी बसायचा. खरा महारोगी. बोटं झडलेली, नाक बसलेलं. बाला डबा द्यायला जाताना मी त्याला बघायची. एकदा त्याच्या बोटांत विडी जळत आली होती आणि तो कुणाशी तरी बोलत होता. कातडी जळल्याचा वास मला आला, तरी त्याला पत्ता नव्हता. लोकांनी ओरडून सांगितलं तेव्हा त्यानं हाताकडं बघितलं आणि हसून विडी टाकली.

त्याला चटका कळला नव्हता. मला काटा कळला होता.

मी खोपटात गेले. डोळे मिटले आणि गवताची काडी चट्ट्यावरून फिरवली. कळली. पिसाचं टोक फिरवलं. कळलं. काटा लावला, टोचला. चुलीतली गरम राख चिमटीत घेऊन लावली आणि ओरडले. सगळं कळत होतं. चांगल्या गालावर कळतं तसंच.

आय भाकरी घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, "आय, मला महारोग न्हाई."

"गप बस."

"मला टोचतंय. मला चटका बसतोय. त्या स्टेशनावरच्या मानसाला बसत न्हाई."

"डाक्टर शिकल्याला मानूस हाय. तुला जास्त कळतंय व्हय?"

"त्यानं बघितलंच कुटं, आय?"

 ती भाकरी ठेवून गेली. पण जाताना दोनदा वळून बघितलं. मला वाटतं, तेव्हापासून तिच्याही मनात ते टोचत राहिलं.

दिवाळी सरली आणि पुण्याहून मावशी आली. आयची धाकटी बहीण. एका मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. तिला आळीतून सांगितलं होतं, पोरीजवळ जाऊ नको. ती सरळ खोपटात शिरली, माझ्याजवळ बसली आणि माझं तोंड उजेडाकडं केलं. रोज महारोग्यांच्या जखमांच्या पट्ट्या गोळा करणारी बाई ती. बराच वेळ बघत राहिली.

"अक्का," ती बाहेर बसलेल्या आयला म्हणाली, "ह्ये काय तसं दिसत न्हाई मला. आमच्या डाक्टरीणबाईला दाखवू या."

"त्या बघतील?"

"हात लावून बघत्यात. समद्यांला."

"आपल्याला बी?"

"आपल्याला बी."

आय पदरानं डोळे पुसत बसली. असं काही असतं, हेच तिला माहीत नव्हतं.

पुण्याला गेलो. गाडीत मी डब्याच्या कोपऱ्यात खाली बसले होते, तोंडावरून पदर घेऊन. दवाखान्यात आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाई कुणावर तरी रागावत होत्या. आपल्याच मराठी ख्रिस्ती बाई, उतारवयाच्या, जाड चष्म्याच्या, आवाज करडा. मावशी म्हणाली होती, माया करणाऱ्यातल्या नाहीत, पण कामाला चोख.

"पदर काढ," त्या म्हणाल्या.

मी काढला. त्यांनी माझ्या गालावर बोट ठेवलं.

मी मागं सरकले. "बाई, शिवू नका."

"का? दुखतं?"

"न्हाई. महारोग हाय."

"कोण म्हणालं?"

"लोणावळ्याचं डॉक्टर."

"त्यांनी काय काय तपासलं?"

मी आयकडं बघितलं. आय जमिनीकडं बघत म्हणाली, "काठीनं मान वर केली, बाई."

बाईंनी कागदावर लिहिता लिहिता टाक खाली ठेवला.  स्टूल माझ्या इतकं जवळ ओढलं की त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले. दीड वर्षात मावशी सोडून मला कुणाचा स्पर्श झाला नव्हता. 

"डोळे मीट. लागलं की हं म्हण."

त्यांनी कापसाचा धागा फिरवला. हं. टाचणी लावली. "टोचतंय की नुसतं लागतंय?" टोचतंय. काचेच्या दोन नळ्या लावल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. मी दोन्ही ओळखल्या. कोपरामागची शीर त्यांनी चाचपली. महारोगात ती दोरीसारखी जाड होते, असं त्या आयला सांगत होत्या. हाताची बोटं, पायाची बोटं एकेक करून बघितली. आणि मी मनात म्हणत होते, हेच तर मी केलं होतं. काडीनं. पिसानं. राखेनं.

मग त्यांनी काचेची एक पट्टी घेतली आणि चट्ट्यावर दाबून धरली. दुसऱ्या हातानं माझ्यापुढं आरसा धरला. दीड वर्षांनी मी माझं तोंड बघत होते.

"काच दाबली की रक्त बाजूला जातं. लाली गेली, दिसतंय? आता काय राहिलं?"

मी नीट बघितलं. पांढुरक्या कातडीत पिवळसर तपकिरी ठिपके दिसत होते, आतून उजेड असल्यासारखे.

"काकवीचं थेंब," मी म्हणाले.

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "बरोबर. शिकलेल्या पोरांनाही इतकं चटकन दिसत नाही. त्या गाठी आहेत. क्षयाच्या." एका बोथट काडीचं टोक त्यांनी गाठीवर टेकवलं. ते लोण्यात जावं तसं आत रुतलं. मला दुखलं. "असं रुततं, ते याच रोगात. हा कातडीचा क्षय आहे. महारोग नाही. कातडीचा तुकडा काढून बघू, म्हणजे पक्कं होईल."

भिंतीवर घड्याळ होतं. मी ते वाचायला शिकले नव्हते. पण एवढा वेळ किती, ते मला चुलीच्या हिशेबानं कळलं. आयच्या दोन भाकऱ्या भाजून होतात, तेवढा.

दोन भाकऱ्यांचा वेळ. त्या माणसाकडं तेवढा नव्हता, असं नाही. हात नव्हता.

मग बाईंनी विचारलं, "घरात खोकतं कोण?"

आयनं पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"हे आकाशातून पडत नाही. कुणीतरी खोकत असणार. कोण?"

"हिचा बा," आय म्हणाली. "खडीची धूळ हाय, बाई."

पुढच्या खेपेला बाला आणलं. बाईंनी त्याच्या पाठीला नळी लावली, थुंकी तपासली. क्षयानं दोन्ही फुप्फुसं खाल्ली होती. मी शेजारीच उभी होते. माझ्या तुकड्याचाही निकाल आला होता. तोच रोग. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण तशीच त्यांची रीत.

बानं विचारलं, "म्हंजी पोरीला माज्यामुळं झालं?"

"बहुतेक."

"आन मी तिलाच भाईर ठिवली."

तो फरशीवर बसला. उठेना. त्याला वाटत होतं, तो धाकट्याला माझ्यापासून वाचवतोय. आणि धाकटा रोज त्याच्या काखेत झोपत होता.

धाकट्याला पौषात ताप भरला. मान ताठली. उजेड सोसेना. आठ दिवसांत गेला. बाई म्हणाल्या, क्षय मेंदूत चढला. मी त्यांना विचारलं, आधी कळलं असतं तर वाचला असता का? त्या म्हणाल्या, "वाचला असता, असं मी तुला सांगू शकत नाही. खोटं सांगणार नाही. पण बापापासून वेगळा झोपवता आला असता."

बा पुढच्या पावसाळ्यात गेला. शेवटपर्यंत त्यानं माझ्याकडं धड बघितलं नाही. पुण्याहून येऊन मी पाणी द्यायला गेले की तोंड भिंतीकडं फिरवायचा. लोक म्हणायचे, डागाची किळस येते त्याला. किळस नव्हती. मला माहीत होतं ते काय होतं. पण त्याला मी कधी म्हणू शकले नाही की बा, चूक तुझी नाही. मला शब्द सुचले नाहीत. आता सुचतात. आता त्यांचा उपयोग नाही.

मी मावशीकडं राहून आठ महिने औषध घेतलं. माशाचं तेल प्यायचं, सकाळच्या उन्हात बसायचं, आणि आठवड्यातून दोनदा विजेच्या दिव्याचा जांभळा उजेड गालावर घ्यायचा. चट्टा थांबला. मग सुकला. नाकाची एक कड वर ओढली गेली, डोळ्याची खालची पापणी खाली. कातडी चकचकीत आणि आवळलेली. मी बरी झाले. चेहरा बरा झाला नाही.

बाईंनी इंग्रजीत कागद लिहून दिला, शिक्का मारून. मी तो घेऊन गावी आले. कुणी मानला नाही. आबा म्हणाले, "कागद काय, कुनी बी लिवतं. लोनावळ्याचा डाक्टर म्हारोग म्हनलाय." बाला उचलायला तीनच माणसं आली होती, त्यांतला एक मावशीचा नवरा. आयला आमच्याच आळीच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ती शेवटपर्यंत थांबून, सगळ्यांचं झाल्यावर, वरून कुणी ओतलं तर घ्यायची. तो शब्द ज्यानं दिला होता, त्यानंच परत घ्यायला हवा होता.

मला पंधरावं लागलं होतं. त्या दिवसांत आमच्या आळ्यांमधून सभा होत होत्या. मेलेलं ढोर ओढायचं नाही, शिळं मागायचं नाही, असं बोललं जात होतं. मी सभांना जात नसे, चेहऱ्यामुळं. पण कानावर येत होतं.

बाजाराच्या दिवशी आम्ही मायलेकी लोणावळ्याला गेलो. दवाखान्याचं बाक भरलेलं होतं. आय सवयीनं गटाराच्या कडेला गेली आणि मला म्हणाली, "बस हितं. बोलवत्याल."

मी बसले नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या.  तिसऱ्या.

"ए! खाली! खाली उतर!" कंपाउंडर धावला. अगदी जवळ येऊन थांबला. मला ढकलायचं तर शिवावं लागलं असतं. म्हणून तो नुसता ओरडत राहिला आणि मी त्याच्यासमोरून आत गेले.

डॉक्टर टेबलाशी बसला होता. मी कागद त्याच्यापुढं ठेवला.

"कोण तू?"

"तुमी महारोग सांगितल्याली पोरगी."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग कागद वाचला. पुन्हा वाचला.

"अस्सं. क्षय निघाला तर. चांगलंच झालं की. महारोगापेक्षा बरा."

"माजा बा गेला. भाऊ गेला."

त्यानं चष्मा काढला. "हे बघ, दोन्ही रोग दिसायला सारखे असतात. भल्याभल्यांची चूक होते."

"दिसायला सारखं असत्यात, डॉक्टर. हाताला नसत्यात. तुमी हात लावला न्हाई."

बाहेरचं बाक दाराकडं वळलं होतं. त्यांना ऐकू जात होतं.

"तुला काय पाहिजे? औषध देतो. फुकट देतो, जा."

"औषिद नको. भाईर मानसं बसल्यात. त्यांच्यापुढं म्हना, हिला महारोग न्हाई. मी चुकलो, म्हना."

"फार बोलायला लागलात तुम्ही लोक."

मी माझा हात त्याच्या टेबलावर ठेवला. तळवा वर करून. "मग आता तपासा. हात लावून."

तो माझ्या हाताकडं बघत राहिला. त्याची बोटं मला दिसत होती. स्वच्छ, नखं कापलेली. एकदा ती थोडी पुढं सरकली. मी शपथेवर सांगते, सरकली. मग थांबली. त्यानं पेन्सिल उचलली, आणि पेन्सिलीनं माझा कागद टेबलाच्या कडेपर्यंत ढकलला.

मी कागद उचलला आणि बाहेर ओट्यावर आले. उभी राहिले. पदर डोक्यावरून मागं टाकला, म्हणजे सगळ्यांना चेहरा दिसावा.

"ऐका. मला महारोग न्हाई. कातडीचा क्षय झालता, बरा झालाय. ह्या डॉक्टरनं मला काठीनं तपासलं. त्याचा शब्द त्याच्याकडंच राहू द्या. मी न्यायची न्हाई."

 एका म्हातारीनं माझ्या सावलीतून पाय काढून घेतला. मी तीन पायऱ्या उतरले.

वाटेत आय एकदाच बोलली. "आता आपल्या आळीला हितं औषिद मिळायचं न्हाई."

तिचं खरं ठरलं. त्या पावसाळ्यात आळीत जुलाबाची साथ आली आणि दवाखान्यानं आमच्या माणसांना गटाराच्या कडेवरूनसुद्धा हाकललं. दोन म्हातारी माणसं दगावली. आबांची बायको त्यांत होती. आबा आमच्या दारापुढं येऊन म्हणाले, "तुज्या एकटीच्या तोऱ्यापायी." मी मान खाली घालून ऐकलं. त्यांच्याशी भांडले नाही. ते ओझं माझ्यावर आहे, आणि कुणी कितीही समजूत घातली तरी मी ते खाली ठेवणार नाही. पण मी तेव्हाही मनात विचारलं आणि आजही विचारते: औषध बंद कुणी केलं? मी?

मी पुण्याला गेले. बाई म्हणाल्या, "वॉर्डात झाडायला ठेवते तुला."

"झाडू माज्या मावशीकडं हाय, बाई. मला ती काचेची पट्टी द्या."

त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "पट्टीनं भागत नाही. शिकावं लागतं. चौथीच झालीस."

"शिकते."

शिकायला वर्षं गेली. मलमपट्टीपासून सुरुवात झाली, मग टाचणी, मग सूक्ष्मदर्शकाखालची काच. बाई कधी शाबास म्हणाल्या नाहीत. चुकले की फूटपट्टीनं हातावर मारायच्या आणि पुन्हा दाखवायच्या.

आता इंग्रजांची दुसरी मोठी लढाई चालू आहे. देहूरोडच्या लष्करी डेपोत आमची कितीतरी माणसं कामाला लागलीत. दाटीनं राहतात, खोकतात, आणि विचारलं की म्हणतात, धूळ. रविवारी मी मावळातल्या आळ्यांमधून फिरते. एखाद्या पोराच्या गालावर, मानेवर डाग दिसला की खाली बसते. काच दाबते, टाचणी लावते, कोपरामागची शीर चाचपते. आणि विचारते, घरात खोकतं कोण? मी डॉक्टर नाही. नाव मी देत नाही. बाईंकडं पाठवते. वरच्या आळीतल्याही बायका येतात आता, पदराआड लपून, आणि तपासून झाल्यावर घरी जाऊन अंघोळ करतात. करू देत. मी त्यांनाही हात लावूनच तपासते. लांबून सांग म्हणाल्या तर सांगत नाही.

लोक म्हणतात, झालं गेलं सोडून दे, तो डॉक्टरही आता थकला. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. माफी मागायला माणूस जवळ यावा लागतो.

आमच्यातल्या कुणाला कुठल्या दवाखान्यानं लांबून रोगाचं नाव दिलं, असं कळलं की मी त्या माणसाला बरोबर घेते. त्याच ओट्यावर चढते. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "हात लावून बघितलंत का?" हाकला, शिव्या द्या, शिपाई बोलवा. बघितल्याशिवाय मी त्या माणसाला खाली उतरू देणार नाही, आणि मीही उतरणार नाही.